तारेतला कालवा

शिंदेनानांना कोणी 'केबलवाले' म्हटलेलं खपायचं नाही. सांगलीतल्या आमच्या कॉलनीत घरोघरी टीव्हीची तार नेली ती त्यांनी, तबकड्या त्यांच्याच गच्चीवर, आणि चित्राला मुंग्या आल्या की शिडी खांद्यावर टाकून येणारेही तेच. तरी एखाद्या नव्या भाडेकरूनं "अगं, केबलवाले आलेत" अशी आत हाळी दिली की नाना पायरीवरच थांबायचे. "केबलवाला न्हाई. कालवा निरीक्षक. रिटायर." एवढं ऐकवल्याशिवाय शिडी भिंतीला लावायचे नाहीत.

तसं त्यांचं चुकत नव्हतं. उभी नोकरी फलटणकडच्या कालव्यावर गेलेली. निवृत्तीनंतर हौसेनं आणि थोडं रिकामपण सोसवेना म्हणून त्यांनी हा टीव्हीचा उद्योग काढला, पण अंगातला कालवा गेला नाही. खाकी पँट, बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, हातात वेताची काठी. रोज सकाळी कॉलनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तार बघत चालायचे. तार डोक्यावर असायची, पण चाल मात्र कालव्याच्या भरावावरून चालणाऱ्याची, सावकाश, मधेच थांबून कान देत. मी एकदा विचारलं, "नाना, तारेतून पाण्याचा आवाज येतो की काय?" तर म्हणाले, "आवं बाई, काय वाहतंय ते वाहतंय. फुटलं कुठं ते बघायचं आपण."

मी हायस्कुलात भूगोल शिकवायची, म्हणून कॉलनीभर मी बाई. नानांची आणि आमची परसाची भिंत एक. त्यामुळं त्यांच्या घरातलं मला जरा जास्तच ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी लिहिताना आजही माझी जीभ जरा तिखट होते. नाना मला फार आवडायचे. त्यांचा रागही मला फार यायचा.

ज्यांनी कालवा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. कालव्याचं पाणी सगळ्यांना एकदम देत नाहीत, पाळीनं देतात. आज याचं रान, उद्या त्याचं. आणि ही पाळी सुरू करायची ती शेपटाकडून, म्हणजे कालवा जिथं संपतो तिथल्या शेतापासून. वरच्या अंगाला, हेडला ज्याचं शेत, त्याच्या बांधावरूनच सगळं पाणी जात असतं. त्याला आधी दिलं तर खालच्याच्या वाट्याला ओलसुद्धा येत नाही. हेडवाल्यानं शेवटी घ्यायचं, हा नानांचा धर्म होता. त्यासाठी त्यांनी झळही सोसली होती. एका बड्या बागायतदारानं पाळी नसताना कालव्यातून आपल्या चारीला पाणी सोडणारं लोखंडी दार उचललं, तेव्हा नानांनी भर दुपारी चार माणसांदेखत ते दार खाली पाडलं, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून बसले. थोड्याच दिवसांत त्यांची बदली कोयनानगरला झाली. ही हकिकत नाना इतक्यांदा सांगत की मला ती कुलपाच्या आवाजासकट पाठ होती. बदलीचा कागद म्हणजे त्यांच्या लेखी पदक होतं.

या नोकरीपायी नाना घरात असे नव्हतेच. त्यांची एकुलती एक लेक रंजू जन्मापासून बहिरी. तिच्यासाठी अशा मुलांची शाळा जवळ हवी म्हणून तिची आई, आमच्या वहिनी, तिला घेऊन सांगलीला आल्या, आणि नाना राहिले तिकडं कालव्यावर. पाळी चालू नसेल तेव्हा यायचे, एखादा दिवस राहायचे, की पुन्हा एस.टी.

वहिनींचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण त्या माउलीनं लेकीसाठी एक अख्खी भाषा उभी केली. शाळेतल्या खुणा थोड्या, बाकी घरच्या. भाकरी थापता थापता पिठाच्या हातांनी त्या रंजूशी तासन् तास बोलायच्या. मी भिंतीवरून बघायची. गल्लीतल्या प्रत्येक माणसाला त्या दोघींनी खूण ठेवली होती. माझी खूण म्हणजे नाकावर चष्मा वर ढकलणं. आमच्या यांची, पोटावरून हात फिरवणं. नानांची खूण, हवेत चाक फिरवल्यासारखा हात, कारण रंजू लहानपणी एकदा कालव्यावर गेली होती आणि बाबांना दाराचं चाक फिरवताना तिनं पाहिलं होतं. दोघी कधी कुणाची चेष्टा करून बिनआवाजी हसायला लागल्या की अख्खं स्वयंपाकघर हलायचं.

नानांना यातलं काही येत नव्हतं. ते आले की पाटी मागायचे. 'अभ्यास झाला का?' असं ठसठशीत अक्षरात लिहायचे. रंजू खाली 'हो' लिहायची. 'जेवण झाले का?' 'हो.' मग पाटी पुसून कोनाड्यात. वहिनी म्हणायच्या, "आवं, चार खुना शिकून घ्या की. तुमची लेक हाय, साहेब न्हाई, लिहून बोलायला." नाना म्हणायचे, "रिटायर झालो की शिकतो." रिटायर झाले तोवर रंजूचं लग्न ठरलं होतं.

मुलगा मूळ साताऱ्याच्या घरातला, पण आईबापांसोबत अमेरिकेत वाढलेला, तोही बहिराच, कॉम्प्युटरवर नकाशे काढायची नोकरी. सासरची माणसं फार चांगली. रंजू गेली, आणि शिंदेंच्या घरात जी शांतता पसरली तिचं वर्णन मला जमायचं नाही. बाकीच्यांची लेकरं परदेशात गेली की शेजारच्या एस.टी.डी. बूथवर जाऊन दोन मिनिटं आवाज तरी ऐकता येतो. यांनी फोन उचलून करायचं काय? पत्रं यायची, पण पत्र रंजूची सासू लिहायची किंवा रंजू इंग्रजी-मराठी मिसळून लिहायची, आणि वहिनी ते माझ्याकडून वाचून घ्यायच्या. ऐकताना त्यांचे हात मांडीवर आपोआप हलत राहायचे. एकदा म्हणाल्या, "बाई, हे तिचं बोलनं न्हवं. ती लिवती तवा लय शानी असती. बोलती तवा वात्रट हाय."

नव्व्याण्णव साल असेल. रंजूच्या एका पत्रात होतं की त्यांच्या घरी टीव्हीच्याच तारेतून इंटरनेट येतं, कॉम्प्युटरला छोटा कॅमेरा लावलाय आणि त्यातून ती तिच्या मैत्रिणींशी हातांनी बोलते. मी हे वाचलं आणि वहिनींआधी नानाच उठून उभे राहिले.

"परत वाचा," म्हणाले. "टीव्हीच्या तारंतनं?"

"हो. तसंच लिहिलंय."

"आन् तार तर आपलीच हाय की!"

त्या दिवसापासून नानांनी दम घेतला नाही. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचा समीर नावाचा इंजिनिअर त्यांनी गाठला. टेलिफोन खात्याकडून वेगळी लाइन मिळवायला किती खेटे घातले ते तेच जाणोत. साताऱ्याला मोठ्या साहेबांकडं चकरा, फलटणच्या ओळखी, कोयनेच्या वेळची माणसं, सगळी आयुष्याची पुंजी त्यांनी त्यात खर्चली. वहिनींना एवढंच म्हणायचे, "थांब. पोरीला घरात आणतो."

समीर आला तेव्हा कॉलनीतली कॉम्प्युटर असलेली सगळी घरं नानांच्या ओसरीवर जमली होती. घरं म्हणजे डझनभर. आमच्याकडेही यांच्या ऑफिसच्या योजनेतून एक कॉम्प्युटर आला होता आणि त्यावर यांचा पत्त्यांचा डाव चालायचा. समीरनं समजावलं ते मला अजून आठवतं, कारण त्याला शिकवायची हातोटी होती. टीव्हीची ही जाड तार म्हणजे रुंद रस्ता समजा, प्रत्येक चॅनेलची त्यात आपापली पट्टी. एक पट्टी रिकामी आहे, तिच्यातून इंटरनेट येईल. घरात एक डबा बसेल, त्याचं नाव केबल मोडेम. डबा तारेतून आपल्या घराच्या नावाचं तेवढं उचलेल आणि कॉम्प्युटरला देईल. आतापर्यंत तार नुसती येत होती, आता जाणारीही हवी, म्हणून खांबांवरच्या पेट्या बदलायच्या. टेलिफोनसारखं नंबर लावून ताटकळणं नाही, चोवीस तास चालू. "मात्र," तो म्हणाला, "वेग सगळ्यांचा मिळून एकच. आख्खी कॉलनी त्यातच वाटून घेणार."

झालं! नानांचे डोळे असे चमकले की मला तेव्हाच धास्ती वाटली.

"म्हंजे एकच चारी, आन् समद्यांची रानं," नाना म्हणाले.

"हो, तसं म्हणा हवं तर."

"मग पाळी लावाय पायजे."

समीर हसला. "नाही नाही, नाना, त्याची गरज नसते. हे आपोआप वाटलं जातं. एकानं वापरलं नाही की त्याचं दुसऱ्याला मिळतं. क्षणाक्षणाला बदलत असतं."

"आपोआप?" नाना म्हणाले. "लेकरा, जगात आपोआप वाटलेलं मी कायबी बघितलं न्हाई. आपोआप म्हंजे हेडवाला खातो."

समीरनं दोनतीनदा समजावून पाहिलं, मग "तुमची लाइन, तुमचा कारभार" म्हणून नाद सोडला. नानांच्या माडीवरच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक घराच्या डब्यापुढं एक चौकोन होता. चौकोनात खूण असली की डबा चालू, काढली की बंद. ही सोय होती बंद घरांसाठी. नानांनी तिची दारं केली. ज्या घराची पाळी त्याच घरापुढं खूण, बाकी सगळे कोरडे.

आठवड्याची पाळी लागली. शेपटाकडून, अर्थातच. तार जिथं संपते तिथं ओढ्याकाठी एका डॉक्टरांचं घर होतं. त्यांना रविवारची सकाळ. मग तिथून घर घर वर सरकत, शनिवारी दुपारी सगळ्यात शेवटी हेड. हेड म्हणजे जिथून तार निघते ते घर. म्हणजे नानांचंच.

सुरुवातीला मजा होती. पाळीच्या दिवशी लोक आंघोळ करून बसायचे. आमची पाळी शुक्रवारी संध्याकाळी. आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसायचो, आणि काय बघायचं ते सुचायचंच नाही. हे न्यूयॉर्कचं हवामान बघायचे. तिथं बर्फ पडतोय म्हटल्यावर सांगलीच्या उकाड्यात बसून म्हणायचे, "स्वेटर घालायला हवा त्यांनी." पाळी संपायला आली की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं, मग परत हवामान. पण पाळी सोडायची कोणी नाही. आपल्या हक्काची गोष्ट आहे, उपयोग नसला तरी घ्यायची, हे आमच्या भागातल्या रक्तातच आहे.

त्यातच एकदा सगळ्या कॉलनीचं इंटरनेट झोपलं. टीव्ही चालू, इंटरनेट ठप्प. समीरनं फोनवरून सांगितलं की येणाऱ्या वाटेला अडचण नसते, पण जाणाऱ्या वाटेवर सगळ्या घरांचा कचरा एकत्र येतो. एखाद्या घरात तार उघडी असेल तर तिथली खरखर वर चढते आणि सगळ्यांचं बोलणं बुजवते. नानांनी काठी घेतली आणि खांबामागून खांब पालथे घातले. शेवटी काठी येऊन थांबली ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. क्रिकेट बघता बघता जेवता यावं म्हणून आमच्या यांनी जुना टीव्ही स्वयंपाकघरात आणून, भिंतीमागं तार सोलून, पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळून दुसरा फाटा काढला होता. मला पत्ता नव्हता. नानांनी चिकटपट्टी सोडवली, तो पीळ बघितला आणि यांच्याकडं असं बघितलं की यांनी पोटावरचा हात काढून पाठीमागं घेतला.

"साहेब, कालवा फोडला तुमी."

"नाना, अहो, नुसता वनडेपुरता..."

"फोडणाऱ्याची एक पाळी बंद. कायदा हाय."

आणि खरंच आमची शुक्रवारची पाळी त्यांनी मारली. शेजार वगैरे काही नाही. यांनी आठवडाभर तोंड फुगवलं. मला मात्र तेव्हा नानांचं कौतुकच वाटलं होतं. भिंतीपलीकडून वहिनींनी पोटावरून हात फिरवत यांची खूण केली आणि कान पिळल्याचा अभिनय केला. मी भांडी घासता घासता मटकन खाली बसून हसले.

शनिवारी दुपारी शिंदेंची पाळी. खालच्या खोलीत नानांनी कॅमेऱ्यासकट दुसरा कॉम्प्युटर मांडला होता. आमच्याकडे ऊन मी म्हणत असायचं तेव्हा रंजूकडं पहाट. बिचारी गजर लावून उठायची. खांद्यावर रजई, केस पिंजारलेले, बाजूला एक छोटा दिवा. चित्र काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, धक्के खात हलणारं. पहिल्या शनिवारी वहिनींनी मला शेजारी बसवून घेतलं होतं. रंजू दिसली, आणि वहिनी एकदम गप्प. म्हणजे हात गप्प. मग रंजूनंच नाकावर चष्मा ढकलायची खूण केली, 'ती चष्मेवाली पण आलीय वाटतं,' आणि वहिनींना हसू आणि रडू एकदमच फुटलं. त्यानंतर जे दोघींचे हात सुटले, ते मी तिथं आहे हेही विसरून गेले. मी उठून आले. दुसऱ्याच्या घरातलं असं बोलणं आपण ऐकू नये.

नाना कुठं होते? नाना वर माडीवर. पाळी चालू असताना वर बसून लाइन राखायची हे त्यांनी स्वतःच ठरवून घेतलेलं. खालून वहिनी हाका मारायच्या, "आवं, या की खाली! पोरगी इचारतीया, चाक कुठं गेलं?" वरून उत्तर यायचं, "पाळी चालू हाय. वर मानूस पायजे." मग पाळी संपायच्या सुमाराला जिन्यावरून उतरून दारात उभे राहायचे, पडद्याकडं बघून हात वर करायचे. निवडणुकीतला उमेदवार करतो तसा. रंजूही हात वर करायची. बापलेकीचं एवढंच.

पुढं रंजूला दिवस गेले. वहिनींना तिकडं जाता येणार नव्हतं. त्यांचं हृदय अधू होतं, डॉक्टरांनी एवढ्या लांबच्या विमानाला चक्क नाही म्हटलं होतं. तिकडून येणं रंजूला शक्य नव्हतं. लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि आईजवळ आठवड्यातली एक दुपार. त्यातही रंजूला सकाळी सकाळी मळमळायचं. कधी ती अर्ध्यातूनच उठून जायची, आणि वहिनी रिकाम्या खुर्चीकडं बघत बसायच्या. दिव्याच्या उजेडात हात नीट दिसायचे नाहीत. वहिनी म्हणायच्या, "काळोखात बोलल्यावानी होतंय, बाई. सांगाय लय हाय, पर तिचे हातच दिसंनात. तिला आमच्या रविवारी सकाळी बरं पडतंय. तितं शनवारची रात्र असती, सुट्टी असती, घरात लख्ख दिवे असत्यात."

रविवारची सकाळ म्हणजे डॉक्टरांची पाळी. आणि डॉक्टर तर दर रविवारी तांबडं फुटायच्या आत स्कूटर काढून तासगावकडच्या आपल्या द्राक्षबागेत जायचे. घराला कुलूप. हे अख्ख्या कॉलनीला माहीत होतं.

एका रविवारी मी परसात तुळशीला पाणी घालत होते. पलीकडं वहिनी नानांना म्हणत होत्या, "डाक्टर गेलं बागंत. त्यांची पाळी मोकळीच जातीया. तेवढी मला द्या की आज. पोरगी जागी असंल."

"मोकळी असली म्हनून काय झालं? पाळी त्येंची हाय."

"मी मागून घिऊ का त्येंच्याकडनं? त्ये न्हाई म्हनायचे न्हाईत."

"न्हाई म्हननार न्हाईत, म्हनूनच मागायचं न्हाई!" नानांचा आवाज चढला. "मालक मीच, हेड मीच, आन् मीच शेपटाचं पानी वर वढू? आज तुला दिली की उद्या समदा कालवा फुटंल. लोक काय म्हनतील?"

वहिनींनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "लोकास्नी कालवा हाय. मला येकच पोरगी हाय वं."

मला वाटलं, आता नाना नमतील. नाना काठी घेऊन तार बघायला निघून गेले. मी त्यांना फाटकापाशी गाठलं आणि जरा फणकाऱ्यानंच बोलले, की नाना, तो समीर सांगत होता ते एकदा करून तरी बघा. तर म्हणाले, "बाई, तुमी भूगोल शिकिवता. नदी तुमची, कालवा माजा." आणि गेले. वहिनींनी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांचा स्वभावच तसा नव्हता. पण दर रविवारी सकाळी त्या बंद कॉम्प्युटर पुसायच्या, हे मी पाहिलेलं आहे.

रंजूला सातवा संपत आला होता. एका गुरुवारी दुपारी वहिनी वाळवणं गोळा करायला गच्चीवर गेल्या, खाली आल्या, पाणी प्यायल्या आणि भिंतीला टेकून बसल्या त्या बसल्याच. नाना शिडीवर होते. आमचे हे धावत जाऊन त्यांना घेऊन आले. तिकडं व्याह्यांना फोन आम्हीच केला. रंजूला त्या अवस्थेत विमानात कोण बसवणार? ती आली नाही. शनिवारी दुपारी शिंदेंची पाळी आली आणि गेली. माडीवर कोणी नव्हतं आणि खालीही.

तेरावं उरकल्यावर समीर भेटायला आला. पोरगा मनानं चांगला. जाताना म्हणाला, "लाइन बघून जातो." आणि माडीवर गेला. नानाही मागोमाग गेले, आणि चहा घेऊन मीही. समीरनं कॉम्प्युटरवर कसलासा आलेख काढला. दिवसात कधी किती वापरलं गेलं त्याचा. बराचसा पडदा सपाट रेघेचाच होता.

"हे काय?" नानांनी विचारलं.

"रिकामी लाइन, नाना. तुमच्या पाळ्यांमुळं ती बहुतेक वेळ रिकामीच असते. हे बघा ना, रविवार सकाळ. काहीच नाही. दर रविवारी काहीच नाही."

"आन् त्या टायमाला दुसऱ्या घराला दिलं असतं तर? खालच्याचं कमी झालं असतं ना?"

"कुणाचं कमी? घेणारंच कोणी नव्हतं. आणि घेणारं असतं तरी चार ओळींचं पत्र वाचायला काय लागतं? पाण्यासारखं हे जमिनीत मुरत नाही, नाना. ज्या क्षणी वापरलं नाही तो क्षण गेला. साठत नाही, कुणाला पुढं मिळत नाही. रविवारी सगळी घरं चालू ठेवली असती तरी इथलं चित्र छान आलं असतं."

तो बोलून गेला, आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. मी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण उशीर झाला होता. नाना त्या सपाट रेघेकडं बघत होते. तिच्यावर बोट टेकवून म्हणाले, "म्हंजे तिची पाळी मी मारली. तिनं कायबी फोडलं नसताना मारली."

समीर म्हणाला, "नाना, तसं नाही..." पण तसंच होतं. मला तेव्हा त्यांची कीव आली, आणि खोटं कशाला बोलू, संतापही आला. एवढा न्यायी माणूस, आणि त्याच्या न्यायात त्याच्या बायकोला जागा नव्हती. बागायतदाराच्या दाराला कुलूप घालणं सोपं असतं, लोक बघत असतात. वहिनींच्या रविवारांना कुलूप घातलं तेव्हा कोणी बघितलं नाही.

नानांनी चष्मा लावला. समीरला बाजूला व्हायला सांगितलं आणि शेपटापासून हेडपर्यंत प्रत्येक घरापुढच्या चौकोनात एकेक करून खूण केली. सगळी दारं उघडी. कालवा काही फुटला नाही. कॉलनीला तर चार दिवस कळलंसुद्धा नाही.

त्या रविवारी सकाळी नानांनी भिंतीवरून हाक मारली. अंगात धुतलेला शर्ट, दाढी केलेली. "बाई, जरा येता? ते चालू करून द्या. व्याह्यांना कळिवलंय, रंजू बसनार हाय."

मी कॉम्प्युटर लावला, कॅमेरा सारखा केला. म्हटलं, "नाना, तुम्ही सांगा, मी टाइप करते. तिला अक्षरं दिसतील तिकडं."

"टाइप नको," म्हणाले. "तिच्या आईसंगं ती अशी बोलत न्हवती."

चित्र आलं. इतकं स्वच्छ चित्र त्या घरात मी कधी पाहिलं नव्हतं. दिवे लावलेली खोली, पिवळा पडदा, आणि मधोमध रंजू, पोट चांगलंच दिसत होतं. तिनं आधी खुर्चीत नाना बसलेले पाहिले. एवढा वेळ तिनं स्वतःला आवरून ठेवलं असावं. तिचे हात उठले आणि ती बोलायला लागली. भराभरा. छातीवर हात, कपाळावर, दोन बोटं, मूठ, पुन्हा छाती. आई कशी गेली, काय म्हणाली, माझं नाव काढलं का, असं काही ती विचारत असेल. मला त्यातलं निम्मंशिम्मंच कळत होतं. नाना खुर्चीच्या टोकावर पुढं झुकलेले, हात मांडीवर पालथे, आणि डोळे तिच्या बोटांमागं नुसते पळत होते.

"हळू," नाना मोठ्यानं म्हणाले. "हळू बोल गं पोरी. मला कळंना."

कुणाला सांगत होते ते! पण तिला त्यांचे ओठ दिसले असावेत, किंवा चेहरा. तिचे हात हवेत थांबले. तिनं डोळे पुसले. मग लहान मुलाशी बोलताना करतो तसा तिनं एकच हात वर घेतला, पाचही बोटं जुळवली, तोंडापाशी नेली आणि भुवया उंचावून थांबली.

हे जगात कुणालाही कळतं. आदल्या संध्याकाळी मी दिलेला डबा नानांच्या ओट्यावर तसाच झाकलेला मला दिसत होता. नानांनी जोरजोरात मान हलवली. हो, हो, जेवलो. रंजूनं बघितलं, आणि तिचा विश्वास बसला नाही हे मलाही समजलं.

मग नाना पडद्यावरची नजर न काढता मला म्हणाले, "बाई, 'आन् तू?' असं कसं इचारायचं?"

"तिच्याकडं बोट दाखवा, नाना. आणि तिनं केलं तसंच करा."

त्यांनी हात मांडीवरून उचलला. बोट तिच्याकडं रोखलं, मग जाड, राठ बोटं कशीबशी जुळवून स्वतःच्या तोंडापाशी नेली आणि वाट बघत राहिले. बापानं लेकीला उभ्या जन्मात हातानं विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी दार ओढून घेतलं आणि घरी आले.